चौथ्या पात्याची बेरीज

मोठ्या पंख्याला सहा पाती असतात. वीज केंद्रातलं गरम पाणी थंड करणाऱ्या टॉवरच्या माथ्यावर तो फिरतो. पाती लोखंडाची नसतात. काचेच्या धाग्याच्या कापडाचे थर राळेत चिकटवून ती घडवतात. लोखंडाला तडा गेला तर निदान दिसतो. इथे थर आतल्या आत सुटत जातात आणि वरचा रंग मात्र नवाकोरा राहतो. म्हणून प्रत्येक पात्याच्या बुडाशी पोस्टाच्या तिकिटाएवढा सेन्सर चिकटवलेला. पातं किती ताणलं गेलंय ते तो सांगतो. मोजमाप दशलक्षाव्या भागात, पण आम्ही नुसतं 'मायक्रो' म्हणतो. पंखा थांबवून, पाती ठरल्या जागी आणून, रोज सकाळी सहा आकडे घ्यायचे हे माझं काम. आकडा तीनशेच्या वर गेला की पंखा बंद, असा नियम.

नियम चांगला होता. तो आम्ही कसा मारला ते लिहितो.

आमच्या विभागाच्या साहेबांना सकाळच्या मीटिंगमध्ये आलेख दाखवावा लागे. वर चढलेली रेघ दिसली की वरिष्ठ प्रश्न विचारत. एका सोमवारी साहेब मला म्हणाले, "रोज रीडिंग घेतलं की मशीन झिरो करत जा. ग्राफ क्लीन दिसला पाहिजे. धर्मकाट्यावर नाही का, ट्रक चढायच्या आधी काटा शून्य करतात?"

मी म्हणालो, "साहेब, काट्यावरचा ट्रक रोज वेगळा असतो. पातं तेच आहे."

"तुम्ही फार खोलात जाता," ते हसून म्हणाले.

मी एकदाच बोललो. नंतर बावन्न दिवस ते शून्य करायचं बटण माझ्याच बोटाने दाबलं. दाबण्याआधीचे आकडे तेवढे वहीत लिहून ठेवायचो, ती सवय. पण त्यांची बेरीज केली नाही. आता आकडा फक्त आदल्या दिवसापासूनची वाढ दाखवायचा: अकरा, नऊ, चौदा. तीनशेच्या मानाने काहीच नाही.

बेरीज करायला लावली ती फिटरने. उमरेडकडचा, घराण्याने विणकर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. दर गुरुवारी हा टॉवरच्या माथ्यावर चढून, पंखा शेजारीच फिरत असताना, त्याच्या गिअरबॉक्सचं तेल बघतो. त्या बुधवारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"भाऊ, तुह्या कागदावर पातं ठणठणीत आहे न?"

"आहे."

"मग मले काहून वेगळं वाटून राहिलं? चौथं पातं आलं का पायाखालची जाळी थरथरते. आमच्या घरी माग होता गा. एक दोरा ढिला झाला तरी पायाले समजे."

मी वही काढली. पाच पात्यांचे आकडे कधी अधिक, कधी उणे. बावन्न दिवसांत एकाचीही बेरीज चाळीसच्या वर गेली नव्हती. चौथ्याचे सगळे अधिक. बेरीज सहाशे एकोणचाळीस. दोनदा केली, मग कॅल्क्युलेटरवर केली. तीनशेची हद्द सव्विसाव्या दिवशीच ओलांडली गेली होती. त्यानंतर हा माणूस तीनदा वर गेला होता.

वही घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "उन्हाळा आहे. शेहेचाळीस डिग्रीत सगळंच फुगतं."

"ऊन सहाही पात्यांवर सारखंच पडतं, साहेब. फुगलंय एकच."

"आता पंखा बंद केला तर लोड कमी करावा लागेल, माहीत आहे ना? रविवारी बघू."

"उद्या गुरुवार आहे."

"मग?"

हा 'मग' मला अजून ऐकू येतो. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून ते विचारत होते.

वर चढायच्या परवान्यावर माझी सही लागते, पात्यांचे आकडे ठीक आहेत म्हणून. गुरुवारी मी ती केली नाही. सहीच्या जागी 'चौथे पाते: ६३९' एवढंच लिहिलं. साहेब फोनवर ओरडले, मीही ओरडलो, एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. परवाना नाही तर तेल नाही, तेल नाही तर पंखा चालवता येत नाही. दुपारी तो थांबवावाच लागला.

सहाही पात्यांच्या बुडावर नाण्याने ठोकत गेलो. पाच पात्यांवर टणटण, चौथ्यावर भद्द. कापून पाहिलं तर हाताचा पंजा आत जाईल एवढे थर सुटलेले होते.

फिटरने त्या फटीत पंजा घालून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुले रोज दिसून राहिलं होतं?"

"रोजचं दिसत होतं. बेरीज केली नव्हती."

"मी सात खेपा वर गेलो, भाऊ," तो म्हणाला आणि हत्यारं उचलून खाली उतरला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी अहवाल सहीसाठी माझ्याकडे आला. 'नियमित तपासणीत दोष वेळेत आढळला.' नियमित! वेळेत! मी दोन्ही शब्द खोडले आणि खाली लिहिलं: मशीन रोज शून्य केल्यामुळे दोष सव्वीस दिवस लपला. आदेश विभागप्रमुखांचा, बटण दाबणारा मी. सही केली.

साहेबांनी वाचून कागद माझ्यापुढे सरकवला. "यात तुम्हीपण अडकता. काढून टाका."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि कागद तसाच जावकच्या ट्रेमध्ये ठेवला.