साहेबांनी न दिलेली साक्ष

वकीलसाहेबांच्या शोकसभेला अजून तासभर होता. खाली वकिलांच्या बार रूममध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि वर त्यांच्या ऑफिसात त्यांची मुलगी, तीही वकीलच, भाषणासाठी मुद्दे काढत होती. मुद्द्यांना काय तोटा! लढाईत पाय अधू झालेला हा माणूस तिशीत वकिली शिकला आणि पुढे चाळीस वर्षं उभ्यानेच युक्तिवाद करत आला. न्यायाधीशांनी बसायला सांगितलं तर म्हणायचे, "बसलो की डुलकी लागते, आणि डुलकी घेणारा वकील समोरच्या पक्षाला फार आवडतो."

शिवाय ती गाजलेली केस होतीच. एक शिपाई लढाईतून पळाला, असा लष्कराचा शेरा होता. तो कधीच परतला नाही. साहेबांनी त्याच्या बायकोला स्वतः शोधून काढलं आणि तो शेरा पुसायला एक पैसाही न घेता बावीस वर्षं भांडले. साक्षीदार नाही म्हणून नुसत्या तारखा पडत राहिल्या. हेच सांगू, असं म्हणून मुलीने फाइल उघडली.

मागच्या कप्प्यात बावीस प्रतिज्ञापत्रं निघाली, दरवर्षीचं एक. सगळी वडिलांच्याच अक्षरात. 'मी त्याचा अधिकारी. जखमींना आणायला मीच त्याला पाठवलं. मग घाबरून, त्याची वाट न बघता, माघारीचा हुकूम दिला. चौकशीत अंगाशी येईल म्हणून तो पळाल्याचा अहवाल मीच लिहिला.'

एकाहीवर सही नव्हती.

जन्मभर लोकांना शपथेवर खरं बोलायला लावणारा माणूस सहीपाशी येऊन थांबला, तोही बावीस वेळा! तिला संताप आला, मेलेल्या बापावर संतापल्याची लाज वाटली आणि पुन्हा संतापच आला. बिनसहीचे कागद, कोर्टात रद्दीच. कप्प्यात परत ठेवले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

ती कागद घेऊन खाली गेली. शिपायाची बायको लवकर येऊन मागच्या खुर्चीवर बसली होती.

"ताई, देवमाणूस होते हो तुमचे वडील."

मुलीने शेजारी बसून त्यातला एक कागद वाचून दाखवला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"म्हणजे हे पळाले नव्हते?"

"नाही."

"आणि साहेबांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

बाई हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिल्या.

"माझा मुलगा बापाचं नाव लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत लावलं नाही त्याने. मागच्या वर्षी गेला."