चष्मा फुटला का?
सुके बोंबील भाजल्याचा वास आला की साठच्या दशकातलं तारापूरजवळचं आमचं भाड्याचं घर आठवतं. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. नवरा अणुकेंद्राच्या बांधकामावर जायचा आणि आजूबाजूला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. एका दुपारी एक अनोळखी माणूस धापा टाकत दारात आला. “बाई, लवकर चला. तुमच्या मालकाला लागलंय, गाडी उभी हाय.” मी घाईनं चप्पल घातली, पण त्याची नजर माझ्या गळ्यातल्या सोन्यावर खिळलेली दिसली आणि मन चरकलं. मी विचारलं, “चष्मा फुटला का हो त्यांचा?” “पार चक्काचूर झाला, बाई!” नवऱ्याला चष्मा नव्हताच. मी दार लावून कडी घातली. तरी संध्याकाळी नवरा धडधाकट घरी येईपर्यंत कडीवरचा हात काढवला नाही. आज वाटतं, जवळ कुणी असतं, तर तेव्हा निदान रडले तरी असते.