पान नऊवरचा परवानाधारक

गिरगावातल्या एका वकिलांकडे मी वीस वर्षं टायपिंग करते. 'सदर', 'उपरोक्त' हे शब्द माझ्या बोटांना पाठ. त्यामुळे लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला निघाली आणि बिल्डरचा करारनामा घरोघर आला, तेव्हा सगळे माझ्याकडेच धावले. मी तासाभरात सगळी पानं चाळली आणि गॅलरीत उभी राहून जाहीर केलं, "बिनधास्त सही करा." केवढा तो तोरा माझा!

एकटी आई अडून बसली. बाबांच्या मागे खोली तिच्या नावावर, म्हणजे सही तिचीच. म्हणाली, "माका वाचून दाखव. पोथी वाचतत तशी."

आमच्या मजल्यावर श्रावणात पोथी लागते. नियम एकच. ऐकणारी कुणीही "थांब, अर्थ सांग" म्हणाली की वाचणारीने थांबायचं. अर्थ लागल्याशिवाय पुढची ओवी नाही. आता हा नियम करारनाम्याला! मी जाम वैतागले, पण बसले वाचायला. शेजारच्या तिघी निवडायची भाजी घेऊन ऐकायला आल्या.

"कुलमुखत्यारपत्र..."

"थांब, अर्थ सांग."

आपल्या वतीने सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला देणं, हे जमलं. पुढच्या पानांवर मात्र मी अडखळायला लागले. वीस वर्षं जे टाइप केलं, त्यातलं निम्मं मला साध्या मराठीत सांगता येत नव्हतं. लाज वाटली, अगदी खरी लाज.

नवव्या पानावर आईने हात वर केला. "पयल्या पानार आमका भाडेकरू म्हटलेला. आता ह्यो परवानाधारक खयसून इलो?"

मी पानं मागेपुढे केली. आठव्यापर्यंत आम्ही भाडेकरू होतो, नवव्यापासून शेवटपर्यंत परवानाधारक. मी ते वाचलं होतं आणि मला काही खटकलंच नव्हतं. अर्थ सांगता येईना, म्हणून वाचन तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं, त्याला सहजासहजी हलवता येत नाही. परवानाधारक म्हणजे नुसत्या परवानगीने राहणारा. परवानगी काढून घेतली की त्याने सामान उचलायचं. अख्ख्या चाळीला मी बिनधास्त सही करायला सांगितलं होतं.

रविवारी सभा झाली. मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली आणि नववं पान वाचून दाखवलं. बिल्डरचा माणूस आईकडे बघून हसला. "काकी, नुसता शब्द आहे तो. अर्थ एकच."

"एकच आसा?" आई उठून उभी राहिली. "मगे आमचोच शब्द घाल, झिला."

टाळ्या आणि शिट्ट्या पडल्या. ज्यांनी सही करतो म्हणून सांगितलं होतं, त्यांनी तिथल्या तिथे पेनं खिशात घातली.

पंधरा दिवसांनी नवी प्रत आली. तीही गॅलरीत पोथीसारखीच वाचली, या वेळी सगळ्या चाळीसमोर. शेवटच्या पानापर्यंत आम्ही भाडेकरू होतो.

सहीच्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसली. बिल्डरच्या माणसाने पान उघडलं आणि 'भाडेकरू' या शब्दाखाली बोट ठेवलं. "काकी, इथे."

"थांब," आई पेन वरच धरून म्हणाली. "अर्थ सांग."

त्याने सांगितला, अगदी बरोबर सांगितला. मग तिने सही केली.