मागच्या बाकावरचा साहेब

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पनवेलच्या शाळेत मास्तर होतो. एका मे महिन्यात शाळेची खोली ख्रिस्ती लोकांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी दिली होती. किल्ल्या माझ्याकडे असल्यामुळे मी रोज तिथं व्हरांड्यात बसून असे.

शिकवायला परदेशातून एक उंच साहेब आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं आधी इथल्याच एका पाळकाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूला, तयार केलं आणि गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना शिकवायला त्यालाच उभं केलं. स्वतः मुलांच्या बाकावर कसाबसा मावून मागं बसायचा. पाळक बोलू लागला की साहेबाचे ओठ आवाज न करता हलायचे.

एक दिवस उरणकडचा एक पुढारी उठला. "माजा भाव हिंदूच हाय. दिवालीला जेवाला बोलावतो. जावं का नाय?"

पाळकाची नजर मागच्या बाकाकडे गेली. सगळ्यांनी वळून साहेबाकडे पाहिलं. साहेब उठला आणि पाणी प्यायला व्हरांड्यात माझ्यापाशी आला. थोड्या वेळानं आतून पाळकाचा आवाज आला, "जा. भावाचं ताट नाकारून आपण कोणाला प्रेम शिकवणार?"

मी हळूच विचारलं, "साहेब, बरोबर सांगितलं ना त्यांनी?"

"माझे उत्तर निराळे होते, गुरुजी," तो त्याच्या पुस्तकी मराठीत म्हणाला. "परंतु मी बोटीने परत जाणार. त्यांना येथेच भावांमध्ये राहायचे आहे."

पुढच्या उन्हाळ्यात साहेब आला नाही. वर्ग मात्र भरला, आणि फळ्यापाशी उरणकडचा तो पुढारी शिकवत होता.