मागच्या भिंतीतलं दार

रत्ना,

तुझ्यावर लिहायला बसले आहे हे कळलं तर तू ओठांतली टाचणी न काढताच म्हणशील, "बाई, माझ्यात काय हाय लिवण्यासारखं?" ते मी ठरवीन. गेल्या पंधरा वर्षांत जुन्नरात काय बदललं असं विचारलं की लोक मजले मोजून दाखवतात. हे पडलं, ते उठलं, इथं बँक आली, तिथं मोबाइलचं दुकान. कुणाच्या दुकानाचं तोंड कुठं होतं आणि ते का फिरलं, हे कुणी सांगत नाही. तुझ्या दुकानाचं मला ठाऊक आहे. काही तू सांगितलंस, काही तुझ्या सासऱ्यांनी, उरलेलं मी माप देताना उभ्या उभ्या पाहिलं. तुझ्याविषयी तुझ्यासमोर बोललं की तू विषय ब्लाउजच्या गळ्यावर नेतेस, म्हणून आता 'तू' सोडते आणि तिऱ्हाइतासारखी सांगते. चुकलं तरी मध्ये बोलू नकोस.

रत्ना शिनोलीची. एक्याण्णव साली लग्न होऊन जुन्नरला आली. नवरा राजरत्न भोसरीच्या कारखान्यात, रविवारपुरता घरी. सासू आधीच गेलेली. घरात उरले सासरे, खंडू. त्यांचं स्टँडसमोर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जलालशेठच्या पत्र्याच्या चाळीतल्या सात खोल्यांपैकी शेवटची खोली. पहिल्या सहांचं तोंड रस्त्याला, हिचं गटाराला. छप्पन्न साली खंडूंच्या वडिलांनी धम्म घेतला, पण गावानं जागा द्यायची पद्धत काही त्या दिवशी बदलली नाही. शेवटची खोली त्यांना का मिळाली हे तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खंडूंनाही. ते त्याबद्दल बोलत नसत. फक्त पाहुणा आला की त्याला दुकान दाखवायला नेत नसत, घरीच चहा पाजून वाटेला लावत.

रत्नाला नुसतं घरात बसवेना. माहेरून आणलेलं शिलाई मशीन तिनं त्र्याण्णव साली दुकानात आणून ठेवलं आणि सायकलींच्या सीटची कव्हरं शिवायला लागली. रेक्झिनची, कडेनं झालर लावलेली. कॉलेजच्या पोरांना ती फार आवडायची. एकदा कव्हर न्यायला आलेल्या कुणाच्या तरी आईनं विचारलं, "पोलकं शिवतीस का गं?" रत्ना म्हणाली, "शिवते की." तोवर तिनं स्वतःची सोडून कुणाची चोळी शिवलेली नव्हती.

दुकानाच्या मागच्या अंगाला गोणपाटाचा पडदा टांगला आणि तिथं मशीन नेलं. बायका चाळीच्या मागून, जलालशेठच्या घराच्या अंगणातून येत. त्या बाजूला माणसांचा राबता नव्हता. पडद्याआड उभं राहायचं, माप द्यायचं, घटकाभर बोलायचं, आल्या वाटेनं जायचं. ओझरच्या यायच्या, घोडेगावकडच्या यायच्या, तळेघरची अंबाबाई तर दोन गाड्या बदलून यायची. जलालशेठची बायको साबेराचाची अंगण ओलांडलं की आल्याच. आपली शिलाई चांगली म्हणून बायका येतात, अशी रत्नाची समजूत. ती खोटी नव्हती, पण पुरीही नव्हती. बाकीचं कारण तिला पुढं कळलं.

दोन हजार एक साली जलालशेठनं चाळ पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं काढलं. बांधकाम त्यांच्या मुलानं, अरफातनं अंगावर घेतलं. तो पुण्यात शिकून आलेला, बोलण्यात फ्रंट, एलेव्हेशन, पार्किंग. भाडेकरू घाबरले. आजूबाजूच्या गावांत असल्या बांधकामात जुनी माणसं हवेत विरघळल्यासारखी नाहीशी झालेली सगळ्यांनी पाहिली होती. जलालशेठनं सातही जणांना अंगणात बोलावलं.

"सात हाईत, सातांना गाळे मिळतील," ते म्हणाले. "कुणाला कुठला, ते चिठ्ठीनं. माझ्या मुलाला चालत नसंल तर त्यानं दुसरा बाप बघावा."

अरफात हसला, पण चिठ्ठ्या त्यानंच केल्या. घड्या घालून बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. खंडू मागं उभे होते. नाव पुकारल्यावर त्यांनी हात पुसले, पाहिले आणि रत्नाला पुढं ढकललं.

"तू उचल. माझ्या हाताचं ग्रीस लागलं तर म्हणतील खूण केली."

रत्नानं उचलली. एक नंबर. बरोब्बर कोपरा, स्टँडच्या फाटकासमोरचा.

मग किराणावाले गेणभाऊ म्हणाले, "आसू दे. त्याला दक्षिणेचं त्वांड हाय. आमाला न्हाई चालत."

"आमाला समद्या दिशा चालत्यात, भाऊ," खंडू म्हणाले.

त्या संध्याकाळी ते स्टँडसमोर दोन तास उभे राहिले. तिथं अजून नुसता पाया खणलेला होता, बाकी काही नव्हतं. घरी येऊन जेवताना एवढंच म्हणाले, "आमच्या बापानं हे बघाया पायजे व्हतं."

वर्षभर रत्नानं घरी शिवलं. बायका घर शोधत आल्या. मग गाळे तयार झाले. सगळ्यांनी समोर काचा बसवल्या, म्हणून खंडूंनीही बसवली, आणि एवढी मोठी की उभा माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत दिसावा. वर पाटी रंगवून घेतली, 'खंडू सायकल सर्व्हिस'. पुढं पान्ह्यांचा फळा, मागं रत्नाचं मशीन. आणि पाहुणे येऊ लागले. नात्यातले, नात्याबाहेरचे, कुणी सुपारी फोडायला आलेला, कुणी साखरपुड्याला. खंडू प्रत्येकाला खुर्ची टाकून काचेसमोर बसवत.

बायका मात्र येईनात.

पहिला महिना रत्ना म्हणाली, नवीन जागा आहे, सापडत नसेल. दुसऱ्या महिन्यात तिला दिसायला लागलं. बाई गाडीतून उतरे, पिशवी छातीशी धरून काचेपर्यंत येई, पायरीवर बिड्या ओढत बसलेल्या माणसांकडे पाही आणि सरळ पुढं बाजारात जाई. आत येत ते ड्रायव्हर, कंडक्टर आणि गाडी चुकलेले. "ओ ताई, नारायणगाव गेली का?" दिवसातून चाळीस वेळा. रत्नाला वेळापत्रक पाठ झालं. ब्लाउज दिवसाला एक, कधी तोही नाही. काचेला पडदा लावून पाहिला. बंद पडद्याआड बाई शिरताना पाहून पायरीवरची माणसं जास्तच वाकून बघू लागली. तिनं पडदा काढून टाकला.

गटाराकडची ती शेवटची खोली आपल्याला धंदा देत होती, हे तिला आता कळलं. कळून करणार काय? सात नंबरचा गाळा आतल्या बाजूला, जिन्याखाली. तो मिळाला होता सोमाजी न्हाव्याला, आणि तो तिथं माश्या मारत बसला होता. एकदा पाणी भरताना त्यानं रत्नाला गाठलं.

"वयनी, बदली करायची का? माजं गिऱ्हाईक तुमच्या काचंत, तुमचं माज्या जिन्याखाली. दोगांचंबी भलं."

त्यात खोट नव्हती. रत्ना रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत विचार करत राहिली. सांगायचं कसं? म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं गटाराकडं तोंड करून पंक्चरी काढल्या, आता कुठं तो गावाच्या तोंडावर येऊन बसला, आणि सुनेनं म्हणायचं, चला, मागं जाऊ. राजरत्न रविवारी आला तेव्हा त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "तूच बोल बाई, माझं नाय ऐकायचा." नवऱ्यांना अशा वेळी नोकरी लांब असल्याचं बरं वाटतं.

शेवटी तिनं भाकरी वाढताना सांगितलं. "मामा, सोमाजीभाऊ गाळा बदलून मागतोय."

खंडूंनी घास खाली ठेवला. "कुटं, जिन्याखाली?"

"व्हय."

"आपल्याला म्होरली जागा कुणी दिली न्हाई, पोरी. चिठ्ठीत निघाली. आता आपल्या पायानं मागं जायाचं?"

"धंदा व्हत न्हाई मामा."

"माझा व्हतो. गिऱ्हाईक यायचं आसलं की येतं."

चार दिवस दोघं एकाच गाळ्यात बसून फक्त कामापुरतं बोलली. सोमाजीला तिनं नाही म्हणून कळवलं.

मग एका सोमवारी तळेघरची अंबाबाई आली. पुतणीच्या लग्नाचे सहा ब्लाउज, कापडाचं गाठोडं काखेत. काचेबाहेर थांबली. रत्ना मशीनवरून उठणार तोच खंडू दारात गेले.

"या की आत, अंबाबाई. उन्हात का हुब्या?"

"हितंच बरं, भाऊ."

"आवो, माप द्याया आला ना?"

अंबाबाईनं पायरीवरच्या माणसांकडं पाहिलं आणि आवाज न चोरता म्हणाली, "माप द्याया आले. पर सबंध स्टँडाम्होरं हात वर करून हुबी ऱ्हाऊ का? लुगडं नेसून टीव्हीत गेल्यावानी दिसंल त्ये. तुमची जागा लई झकास हाय, भाऊ. माज्यासाठनं न्हाई." गाठोडं सावरून ती चालू लागली.

पायरीवरचा एक जण हसला. खंडूंनी त्याला पायरीवरून उठवलं, पण तोवर अंबाबाई बाजारात दिसेनाशी झाली होती. ते आत आले. रत्नाकडं पाहिलं नाही. फळ्यावरचे पान्हे काढून पुन्हा तसेच लावले. मग मागच्या भिंतीपाशी जाऊन बोटाच्या गाठीनं ठोकून पाहिलं. इथं, तिथं, खाली, वर.

"पडदी हाय," ते म्हणाले. "चार इंची. हिच्या पल्याड काय?"

"शेठचं अंगण," रत्ना म्हणाली.

तसेच ते जलालशेठकडं गेले. रत्ना मागोमाग. शेठ अंगणात खाटेवर, अरफात खाली हिशेबाच्या कागदात.

"शेठ, मागनं दार पाडायचंय."

"का रे? म्होरलं दार पुरंना? पैला नंबर लागला तर आता काय किल्ला बांधतोस?"

"म्होरलं माझं. मागलं हिचं. बायामाणसांना स्टँडावरनं येता येत न्हाई."

अरफातनं मान वर केली. "बाबा, प्लॅनमध्ये तिथं दार नाही. एकाला दिलं की सातही मागतील. आणि आपलं अंगण म्हणजे काय रस्ता आहे?"

"बराबर हाय," जलालशेठ म्हणाले. "आंगण घरचं हाय, खंडू. परकी मानसं—"

स्वयंपाकघराच्या दारातून साबेराचाची बाहेर आल्या. हात पिठाचे.

"परकी कोण? सात-आठ वर्सं त्या बाया ह्याच आंगणातनं जात व्हत्या, मी पाणी देत व्हते त्यांना. तवा तुमाला नाय दिसल्या?" मग मुलाकडं वळून, "आणि तू, तुझ्या बायकोचा ईदचा ड्रेस कुठं शिवायचा ते प्लॅनमंदी बघून सांग. वर्स झालं, स्टँडावर जायला नको म्हणून आमी दोघी जुनेच घालतोय. तुला कळलं पण नाय."

अरफातनं कागद गुंडाळला. जलालशेठ खाटेवर हसत सुटले. "जा रे खंडू, पाड. माझ्या घरातबी मागल्या दारानंच समदं ठरतं."

दार एका दिवसात झालं. गवंड्यानं चौकट बसवली. खंडूंनी गाळ्याच्या मध्ये प्लायवूड उभं केलं, छतापर्यंत. पुढं त्यांचा फळा आणि खुर्ची, मागं मशीन, आरसा, माप द्यायला पुरेशी जागा. सोमाजीला वाईट वाटलं, तेव्हा रत्नानं जिन्याकडं बोट दाखवणारी त्याची पाटी आपल्या काचेवर लावू दिली. त्याचंही बरं चाललं.

तळेघरला निरोप गाडीच्या कंडक्टरबरोबर गेला. तोही खंडूंनीच दिला, "अंबाबाईला म्हनावं, मागनं या." अंबाबाई सहाऐवजी नऊ ब्लाउज घेऊन आली.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. रत्नाकडं मशीन तीन आहेत, दोन मुली हाताखाली शिकतात, लगीनसराईत अंगणात सतरंजी टाकावी लागते आणि साबेराचाची तिथं बसून कुणाचं लग्न कुणाशी याची खबर ठेवतात. पुढं खंडू. शाळेच्या पोरांच्या सायकली, हवा, पंक्चर, आणि उरलेला वेळ गाड्यांच्या वेळा. पाहुणा आला की काचेसमोर खुर्ची. चहा प्लायवूडच्या खिडकीतून येतो. खिडकी त्यांनीच कापली, कारण सुनेला हाक मारायला उठावं लागे. दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, आणि ऐकू आलं नाही असं दोघंही दाखवतात. सुखी माणसं पाहायची असतील तर मी त्या गाळ्यात जाते, ब्लाउज शिवायचा नसला तरी.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते, रत्ना. दोन वर्षांपूर्वी मी माप द्यायला उभी असताना खंडू पलीकडून म्हणाले होते, "बाई, म्होरं माजं नाव हाय. मागल्या दारावर हिचं पायजे. तुमी शिकलेल्या, तुमी बघा." तू नको म्हणालीस, मी हो म्हणाले. नारायणगावला फ्लेक्स छापतात, तिथं दोघींनी जायचं, अक्षरं निवडायची, पाटी घेऊनच यायचं. बुधवार ठरला. त्या बुधवारी तुझ्याकडं नवरीकडच्या बायका आल्या. पुढच्या बुधवारी माझा गुडघा. मग पाऊस, मग शाळेच्या परीक्षा, मग पुन्हा लगीनसराई. गाडी तुझ्या काचेसमोरून सुटते, तासाला एक. अजून गेलो नाही.