डाव्या कोपऱ्याकडे वळणारा चेंडू

तळ्याकाठच्या करमणूक बागेत, आकाशपाळण्याच्या मागे, बिलियर्डचा हॉल होता. तिथे गुण मांडणाऱ्याला सगळे मार्करच म्हणत. पुढेपुढे बायकोही त्याला तशीच हाक मारू लागली. खेळायचा मात्र त्याचा थोरला भाऊ. दादाने काठीला खडू लावला, की लोक पाळण्याची रांग सोडून खिडकीशी गर्दी करायचे.

एका दुपारी शेजारच्या आरसेमहालाला आग लागली. दादाने दोन पोरींना उचलून बाहेर आणलं. अजून कुणीतरी ओरडतंय म्हणून परत आत गेला, तो गेलाच.

हॉल पुन्हा उघडला, तेव्हा दादाच्या टेबलावरचा पांढरा चेंडू सरळ जाईना. कसाही मारा, थांबता थांबता तो डाव्या कोपऱ्याकडे वळायचा. खेळताना दादा तिथेच रेलून उभा राहायचा. मार्करने पाणसळ लावून टेबलाची पातळी पाहिली, कापड बदललं, खालची दगडी फरशी काढून पुन्हा बसवली. शेवटी हात टेकले.

मालकाने तो वळणारा चेंडू बघायचंही तिकीट लावलं. लोक खिदळत यायचे, गप्प होऊन जायचे. चेंडू सोडून दाखवायचं काम मार्करचं.

एकदा त्या रांगेत वहिनी दिसली.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात?"

"सोडा तो चेंडू, भावजी."

चेंडू वळला. वहिनीने कोपऱ्यात ओंजळ धरली आणि तो अलगद झेलला.

"घरी यायचं सोडून इथे काय करत बसलेत हे?" ती म्हणाली.

मार्करने तिथल्या तिथे टेबलावर चादर ओढली. मालक तडकला, "नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

नोकरी गेली नाही. मालकाने तो खेळ बंद केला आणि त्याला तळ्यातल्या होड्यांवर घातलं. दुपारी बाग रिकामी असली, की वहिनी यायची. मार्कर चादर काढायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा.

काही वर्षांनी बाग बंद पडली. टेबल दूरच्या एका क्लबाने घेतलं. ते बसवायला मार्करच गेला. सगळं जुळवून त्याने चेंडू सोडला. चेंडू नाकासमोर गेला, समोरच्या कडेला लागून तसाच सरळ परत आला.

"झकास बसवलंत!" क्लबवाले खूश झाले.

घरी वहिनी दारातच उभी होती.

"वळला?"

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "नाही. सरळ गेला."

ती पायरीवर बसली.

"मग आता कुठे गेले असतील हो हे?"

मार्कर तिच्या शेजारी बसून राहिला.