काशीतलं बोरन्हाण

सुहास गेला. दत्तकासाठीच्या आमच्या अर्जावर माझं एकटीचं नाव उरलं. मी अर्ज मागे घेतला नाही. पुढच्या पौषात वाराणसीहून फोन आला, की मुलगी आहे, घ्यायला या.

पुण्याहून निघताना पिशवीत दोन पुस्तकं, एक शाल आणि एक काळा फ्रॉक होता. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, आणि या दिवसांत आपण लहान मुलांना हौसेनं काळं घालतो. शिशुगृहातल्या दीदींनी मात्र फ्रॉक पाहून कपाळाला हात लावला.

"पहले ही दिन बच्ची को काला? राम राम!"

"हमारे यहाँ संक्रांत पर काला ही पहनते हैं," मी म्हणाले.

"तो फिर काजल भी लगा देती हूँ. काले पर काला!" त्या हसल्या आणि गालावर तीट लावून मुनियाला माझ्यापुढे उभं केलं. साडेतीन वर्षांची मुलगी, मुठीत बिस्किटाचा तुकडा. मी हात पुढे केला, तिनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. मी मराठीत बोलले तेव्हा तिनं दीदींकडे पाहिलं. माझी भाषा तिच्यासाठी परदेशातलीच होती. निघताना दीदींनी हळूच सांगितलं, "नहलाते समय सिर पर पानी मत डालिएगा. बहुत डरती है."

मुक्काम सुहासच्या आत्यांकडे, मंगला गौरीच्या गल्लीत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून काशीत आहे, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळते. "अगं, ही तर एकदम गुडिया आहे!" म्हणत त्यांनी मुनियाला उचललं, आणि चहा होईपर्यंत ती त्यांच्या मांडीवर बसून खुदखुदत होती. माझ्याबरोबर गल्लीत आली, पण हात दिला नाही. शालीचं टोक धरून चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं, की बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरल्यावरच गंगा दिसली. वाटेत कुल्हडमधून मलइयो (दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस) खाल्लं. मुनियाच्या नाकाला फेस लागला. मी पुसायला गेले, तर तिनं शालीच्याच टोकानं पुसला.

आम्ही नावेत बसलो, आणि नाव मणिकर्णिकेच्या स्मशानघाटासमोरून गेली. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. मुनिया मात्र वाकून बघत होती.

"वहाँ सब लोग आग ताप रहे हैं?"

मी वळून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "थंडी आहे ना."

तिनं मान डोलावली. मराठीतलं उत्तर तिला पटलेलं दिसलं.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. आदल्या दुपारी आत्या म्हणाल्या, "गाडीत रडायला लागली तर? तुझ्याकडे तर येत नाही ती. मी चलू का पुण्यापर्यंत?"

मोह झाला. पण आत्या आल्या असत्या तर पुण्यापर्यंत मुनिया त्यांच्याच मांडीवर राहिली असती, आणि त्या परतल्यावर मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. "नको. मी नेईन," मी म्हणाले.

"ठीक आहे. पण बोरन्हाण झाल्याशिवाय सोडणार नाही."

"आत्या, डोक्यावरून काही ओतलेलं तिला सहन होत नाही."

"पाणी थोडीच आहे! बेर आहेत, लाई आहे." लाई म्हणजे आपले चुरमुरे. हलव्याचे दागिने तिथे मिळेनात, म्हणून आत्यांनी मखाने दोऱ्यात ओवून हार आणि मुकुट केला होता. काळ्या फ्रॉकवर तो फार शोभला. गल्लीतली पोरं पाटाभोवती जमली.

"आईनं आधी ओतायचं," आत्यांनी वाटी पुढे केली. मी सवयीनं भिंतीशी सरकले. सुहास गेल्यापासून अशा कार्यात मला कुणी पुढे बोलावलं नव्हतं.

"मागे काय सरकतेस? मुलगी कुणाची आहे?"

"माझी," मी म्हणाले. "म्हणूनच तुम्ही ओता. मी तिच्यासमोर बसते."

मी जमिनीवर बसले. पहिली ओंजळ पडली आणि मुनिया किंचाळली. मुकुट उडाला, पोरं बोरांवर तुटून पडली. आत्यांनी वाटी टाकून हात पसरले. त्या तिच्या अगदी जवळ होत्या. मुनिया त्यांच्या हाताखालून निसटली आणि माझ्या अंगावर येऊन आदळली. तोंड माझ्या मानेत, नखं पाठीत. मी तिला धरून बसले.

रडणं थांबल्यावर तिनं मांडीवर पडलेलं एक बोर उचललं आणि माझ्या डोक्यावर सोडलं. माझ्याकडे निरखून पाहिलं. मी हलले नाही. मग मूठभर लाई आली.

"और?" तिनं विचारलं.

"अजून," मी म्हणाले.

"अरे देवा, हे तर आईचंच बोरन्हाण झालं!" आत्या ओरडल्या, आणि पोरांनी जमवलेली बोरंही माझ्यावर फेकायला सुरुवात केली.

गाडीत मुनिया रडली, जबलपूरपर्यंत बऱ्याचदा रडली. माझ्या मांडीवर बसून रडली.

पुण्यात येऊन आता दोन महिने झाले. तिच्या डोक्यावर मी अजून पाणी ओतत नाही, ओल्या पंच्यानं केस पुसते. शाल घडी करून कपाटात ठेवली आहे. रस्त्यावर ती माझं बोट धरते. सुहासच्या खुर्चीवर चढून बसते. सुहास नाही. घरात आम्ही दोघी आहोत.